बर्फासाठी घडलेली सायकल माळव्यात वापरताना : फॅट बाइकची खरेदी आणि देखभाल

इंदुरातील सायकलींच्या दुकानांसमोर चार इंच जाड टायरची जी सायकल सर्वांत पुढे उभी केलेली असते, तिला कुणी फॅट बाइक म्हणतात, कुणी स्नो बाइक. थंड देशांत मोटारसायकलला पुढे स्की आणि मागे पट्टा लावून केलेल्या वाहनालाही स्नो बाइकच म्हणतात. त्याचा येथे विचार केलेला नाही. पायाने चालवायची, बर्फावर आणि वाळूवर न रुतणारी सायकल घ्यायची, ती माळव्याच्या धुळीत आणि चिखलात टिकवायची आणि जमल्यास एखाद्या हिवाळ्यात हिमाचलात किंवा काश्मिरात न्यायची, असा ज्यांचा विचार आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. या सायकलीविषयीच्या बहुतेक तक्रारी टायरमधील हवा चुकीची असल्यामुळे उद्भवतात आणि उरलेल्या बहुतेक तक्रारी केवळ रूप पाहून खरेदी केल्यामुळे, हे माझे मत पुढील पायऱ्या वाचताना ध्यानात ठेवावे.

१. सायकल कशासाठी हवी, ते आधी ठरवा

रुंद टायरची ही कल्पना अमेरिकेतील अलास्कात आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी भागात रुजली. अलास्कात १९८७पासून बर्फावरील लांब पल्ल्याच्या सायकल शर्यती होऊ लागल्या, तेव्हा साध्या टायरची सायकल मऊ बर्फात रुतते म्हणून तेथील लोक दोन रिमा एकमेकींना वेल्ड करून रुंद चाक तयार करत असत. २००५मध्ये सर्ली या कंपनीची पग्सली ही सायकल बाजारात आली आणि ३.७ इंची टायर व ६५ मिलिमीटर रुंद रिम सामान्य ग्राहकालाही मिळू लागली. आज आपल्याकडे दिसणाऱ्या फॅट बाइक याच घडणीच्या, बऱ्याचशा स्वस्त केलेल्या आवृत्त्या आहेत.

रुंद टायरचा उपयोग एकच आहे. हवा अगदी कमी ठेवली की टायर पसरतो, वजन मोठ्या क्षेत्रावर वाटले जाते आणि चाक रुतत नाही. जेथे जमीन मऊ नाही तेथे या गुणाचा काहीही लाभ नसतो आणि जाड टायर ओढण्याचे कष्ट मात्र पुरेपूर होतात. त्यामुळे सुदामा नगरहून राजवाड्यापर्यंत रोजची ये-जा, किंवा सकाळी सुपर कॉरिडॉरवर वीस-पंचवीस किलोमीटरची फेरी आणि परतताना पोहे-जिलेबी, एवढाच उद्देश असेल तर ही सायकल घेऊ नये. त्याच पैशांत मिळणारी हायब्रिड किंवा साधी एमटीबी (माउंटन बाइक) अधिक सुख देईल. उलट चोरल-पाताळपाणीकडील गिट्टीचे आणि मुरुमाचे रस्ते, शेतांमधल्या गाडीवाटा, नर्मदाकाठचे वाळूचे पट्टे आणि वर्षातून एकदा बर्फ, असे ज्यांच्या मनात आहे त्यांनी अवश्य घ्यावी. शेजारच्या मुलाकडे आहे म्हणून घरच्या मुलाने हट्ट धरला असेल, तर आधी त्याला ती सायकल बिचोलीच्या बाजूच्या एखाद्या चढावर चालवून पाहू द्यावी. बहुतेक हट्ट तेथेच निवळतात.

२. चार मापे समजून घ्या

दुकानात गेल्यावर गिअर किती, रंग कोणते आणि सस्पेन्शन आहे का, यावरच बोलणे होते. या सायकलीत खरे महत्त्व पुढील मापांना आहे.

पहिले माप टायरचे. टायरच्या बाजूवर २६ × ४.० असे छापलेले असते. २६ इंची चाकाच्या रिमवर टायर जेथे बसतो तेथील व्यास ५५९ मिलिमीटर असतो, म्हणजे साध्या २६ इंची एमटीबीइतकाच. पण चार इंची टायरमुळे चाकाची बाहेरची उंची २९ इंची सायकलीच्या जवळपास जाते. बुटक्या व्यक्तीने म्हणूनच फ्रेमचा आडवा दांडा दोन्ही पायांच्या मधे घेऊन, पाय जमिनीवर टेकवून उभे राहता येते की नाही, हे आधी पाहावे. २० इंची चाकांच्या घडीच्या फॅट बाइकही मिळतात. त्या डिकीत मावतात, पण लहान चाक मऊ जमिनीत लवकर अडते, म्हणून बर्फाचा विचार असेल तर त्या टाळाव्यात.

दुसरे माप रिमच्या रुंदीचे. चार इंची टायर अरुंद रिमवर बसवला असेल तर कमी हवेत तो बाजूला लोळतो. ६५ ते ८० मिलिमीटरची रिम या टायरला योग्य ठरते. वजन कमी करण्यासाठी अशा रिमांना मधोमध मोठी छिद्रे पाडलेली असतात आणि त्यांतून आतली रंगीत पट्टी दिसते. ही पट्टी नुसती शोभेची नसते. तिच्यामुळे ट्यूब छिद्रातून बाहेर फुगत नाही, त्यामुळे ती फाटकी किंवा सरकलेली असेल तर ट्यूब टिकणार नाही.

तिसरे माप हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचे, आणि चौथे बीबीचे, म्हणजे पेडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या बॉटम ब्रॅकेटचे. साध्या एमटीबीचा पुढचा हब १०० आणि मागचा १३५ मिलिमीटर रुंद असतो. फॅट बाइकमध्ये पुढे १३५ किंवा १५० आणि मागे १७० पासून १९७ पर्यंतची मापे आढळतात. बीबीचा नळाही साध्या ६८ किंवा ७३ मिलिमीटरऐवजी बहुधा १०० मिलिमीटरचा असतो. याचा व्यवहारातील अर्थ असा की, उद्या एक्सल वाकला किंवा बीबी घासला तर गल्लीतल्या मेकॅनिककडे पडलेला सुटा भाग तेथे बसणार नाही. म्हणून ‘याचा बीबी एक्सल आणि मागचा हब तुमच्याकडे मिळेल का?’ हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावा आणि उत्तर ‘मागवून देऊ’ असे आले तर किती दिवसांत, तेही विचारून ठेवावे.

३. पैसे कशाला मोजायचे

स्वस्त फॅट बाइक लोखंडी फ्रेमच्या असतात आणि त्यांचे वजन १८ ते २२ किलोपर्यंत जाते. ॲल्युमिनियमच्या बऱ्या सायकली १४ ते १६ किलोच्या आसपास असतात. हा फरक दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर कळत नाही, तो जानापावच्या चढावर कळतो. दहा-पंधरा हजारांच्या सायकलीत पुढे सस्पेन्शन, मागे सस्पेन्शन, २१ गिअर आणि डिस्क ब्रेक असे सर्व काही दिलेले असेल, तर त्यातील प्रत्येक वस्तू सर्वांत हलक्या प्रतीची असणार हे उघड आहे. टायरच इतका मोठा असतो की बारीकसारीक धक्के तोच गिळतो; सस्पेन्शन नसलेला सरळ फोर्क (पुढचे चाक धरणारा दुपाखी चिमटा), बरी रिम आणि चांगले बेअरिंग हीच निवड मी कुणालाही सुचवीन. स्वस्त सस्पेन्शन फोर्कमध्ये आमची धूळ शिरली की दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तो जाम होतो आणि नुसते दोन किलोंचे ओझे उरते.

मागील दातेरी चक्रांचा संच फ्रीव्हील आहे की कॅसेट, हेही विचारावे. फ्रीव्हील हबवर पिळून बसवलेले असते. त्यात एक्सलचा उजवा भाग आधाराविना बराच बाहेर राहतो आणि जड माणसाच्या वजनाने तो वाकतो किंवा तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग टोकाला असते, त्यामुळे हा त्रास कमी होतो. वजन ऐंशी किलोंच्या पुढे असेल तर कॅसेटसाठी थोडे जास्त पैसे मोजणे शहाणपणाचे ठरते.

विजेवर चालणारी फॅट बाइक घेण्याचा विचार असल्यास, मोटर २५० वॅटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मर्यादित असलेल्या सायकलीला नोंदणी आणि परवाना लागत नाही. ‘फक्त एक वायर काढा, चाळीसने धावेल’ असे सांगणारे विक्रेते भेटतात. ती वायर काढली की ते विनानोंदणीचे मोटार वाहन होते आणि अपघात झाल्यास सारी जबाबदारी चालवणाऱ्यावर येते.

जुनी सायकल घेताना बीबीच्या नळ्याभोवतीचे आणि मागच्या एक्सलजवळचे वेल्डिंग बोटाने रंग चाचपून पाहावे, फ्रेम नंबर बिलाशी जुळवावा आणि बिलच नसेल तर व्यवहार सोडून द्यावा.

४. दुकानातली तपासणी

सायकल खोक्यातून अर्धवट जुळवलेल्या स्थितीत येते आणि उरलेली जोडणी दुकानात होते. घाईच्या जोडणीतले दोष ठरलेले असतात. सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे उलटा बसवलेला पुढचा फोर्क. पुढच्या डिस्क ब्रेकचा जबडा चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला असायला हवा. तो उजवीकडे दिसला तर फोर्क मागे फिरलेला आहे आणि ती सायकल तशी चालवणे धोक्याचे आहे.

त्यानंतर चाक उचलून हळू फिरवावे आणि फ्रेम व टायर यांच्यामधल्या जागेकडे पाहावे. चाकाला आउट, म्हणजे वाकडेपणा, असेल तर ही जागा कमी-जास्त होताना दिसते. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना निदान एक बोट मोकळी जागा हवी, कारण पावसाळ्यात तीच जागा चिखल अडकण्याची होते. साखळी मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर टाकून ती टायरला घासते का, तेही पाहावे. जाड टायरच्या स्वस्त सायकलीत हा दोष असला तर तो नंतर दुरुस्त होत नाही. शेवटी हँडल आणि सीट घट्ट धरून क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, आडवा हलवावा. खट् असा आवाज आला तर बीबी सैल आहे.

पेडल बसवताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे दुकानातला नवा मुलगा कधी कधी विसरतो. ते जोर लावून सरळ पिळले की क्रँकचे आटे खराब होतात आणि पेडल पुढे रस्त्यात निघून येते, म्हणून डावे पेडल आपल्यासमोर काढून पुन्हा बसवायला सांगण्यात संकोच करू नये.

५. कागदपत्रे आणि हत्यारे

सायकलीला आरटीओची नोंदणी लागत नाही, म्हणूनच दुकानाचे पक्के बिल हाच मालकीचा एकमेव पुरावा ठरतो. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकलींवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे कर वाचवण्यासाठी कच्च्या पावतीवर सायकल घेण्यात आता फारसा लाभही उरलेला नाही. पुढील गोष्टी एका पाकिटात ठेवाव्यात :

- फ्रेम नंबर लिहिलेले पक्के बिल. नंबर बहुधा बीबीच्या नळ्याखाली कोरलेला असतो. तो स्वतः वाचून बिलावर जुळवून घ्यावा.
- दुकानाच्या शिक्क्यासह आणि तारखेसह भरलेले वॉरंटी कार्ड.
- फ्रेम नंबरचा आणि पूर्ण सायकलीचा छापील फोटो. चोरीची तक्रार देताना आणि रेल्वेत सायकल नेताना याचा उपयोग होतो.

हत्यारे फार लागत नाहीत. एल-कीचा संच, १५ नंबरचा पाना, टायर काढायचे प्लॅस्टिकचे दोन लिव्हर, पंक्चरचे ठिगळ आणि सोल्यूशन, एक सुटी चार इंची ट्यूब, मोठ्या नळकांड्याचा उभा पंप आणि कमी दाब मोजणारा गेज. यातला शेवटचा गेज बहुतेक जण घेत नाहीत आणि खरे तर तोच सर्वांत आवश्यक असतो. साध्या पंपावरील काटा शंभर पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) मोजतो; त्यावर ६ आणि १२ यांतला फरक दिसतच नाही. ० ते ३० पीएसआय, जमल्यास ० ते १५ पीएसआय मोजणारा वेगळा गेज मागवून घ्यावा.

ट्यूब खरेदी करतानाच घ्यावी, कारण कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे चार इंची ट्यूब नसते. अडचणीच्या वेळी २६ × २.५ किंवा ३.० ची ट्यूब ताणून घरापर्यंत नेता येते, पण ती कायम ठेवू नये.

६. हवा

दुकानातून सायकल घेऊन निघताना मेकॅनिक आपुलकीने विचारतो, ‘भिया, हवा टाइट कर दूँ?’ आणि उत्तराची वाट न पाहता कॉम्प्रेसरची नळी लावतो. मोठे टायर आहेत, तेव्हा हवाही भरपूर लागेल, असा त्याचा हिशेब असतो. हवा आकारमानाने भरपूर लागते हे खरे; दाब मात्र अगदी थोडा लागतो. फॅट टायरवर कमाल दाब २० ते ३० पीएसआयच्या आसपास छापलेला असतो आणि कॉम्प्रेसर तो काही क्षणांत ओलांडतो. टायर रिमवरून निसटून ट्यूब फुटल्याचा आवाज गल्लीभर ऐकू जातो. कॉम्प्रेसरने हवा भरून घ्यावीच लागली तर थोडी थोडी भरून प्रत्येक वेळी गेज लावून पाहावा.

सत्तर किलोंच्या आसपास वजनाच्या व्यक्तीसाठी पुढील आकडे सुरुवातीला धरावेत आणि स्वतःच्या वजनाप्रमाणे एक-दोन पीएसआय वर-खाली करावेत. डांबरी रस्त्यावर १५ ते २०, गिट्टी-मुरुमाच्या वाटेवर १० ते १२, कोरड्या वाळूवर ६ ते ८ आणि मऊ बर्फावर ४ ते ६. पुढच्या चाकावर वजन कमी पडते, म्हणून तेथे हवा मागच्यापेक्षा एक पीएसआय कमी चालते. बर्फावर दाब योग्य आहे की नाही हे डोळ्यांनीही कळते. सायकलीवर बसल्यावर टायरच्या बाजूला बारीक सुरकुत्या दिसल्या पाहिजेत; त्या दिसत नसतील तर हवा जास्त आहे. चाकामागे एक इंचापेक्षा खोल चर उमटत असेल तर आणखी हवा सोडावी आणि तरीही चर पडत असेल तर उतरून चालावे.

डांबरी रस्त्यावर आठ-दहा पीएसआयवर चालवून ‘सायकल ओढते, हँडल आपोआप वळते’ अशी तक्रार घेऊन पुष्कळ लोक दुकानात येतात आणि मेकॅनिक हेडसेटचे, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या सांध्याचे, छर्रे बदलून देतो. दोष छर्ऱ्यांचा नसतो. कमी हवेतला रुंद टायर कठीण रस्त्यावर वळणाच्या बाजूला स्वतःच ओढत नेतो. हवा वाढवली की तो सुतासारखा सरळ होतो. उलट खडकाळ वाटेवर अतिशय कमी हवा ठेवली, तर टायर दगडावर आपटून रिमला टेकतो आणि ट्यूबला सापाच्या दंशासारखी शेजारी शेजारी दोन भोके पडतात. अशी जोडभोके दिसली की काटा शोधण्यात वेळ घालवू नये. हवा वाढवावी.

बाभळीच्या काट्यांचा उपद्रव मात्र निराळा. शेतांच्या बांधांवरून जाणाऱ्यांनी ट्यूबमध्ये पंक्चर रोखणारे द्रव घालून घ्यावे. त्यासाठी व्हॉल्व्हचा आतला गाभा निघणारा असावा लागतो. काटा लागल्याचे दिसले तर तो वाटेत उपटू नये, कारण तो स्वतःच भोक बऱ्यापैकी बुजवून ठेवतो. छोट्या हातपंपाने हा टायर पुन्हा भरणे म्हणजे शेकडो हात मारणे, आणि उन्हात ते काम फार जिवावर येते.

७. पावसाळा आणि काळी माती

बर्फासाठी घडलेल्या सायकलीचा माळव्यात सर्वांत मोठा शत्रू म्हणजे येथली काळी कपाशीची जमीन. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. बर्फ टायरवरून झडून पडतो. ही माती थरावर थर चढवत जाते. ओल्या गाडीवाटेवर फर्लांगभर गेले की टायर आणि फ्रेम यांच्या मधली जागा ती भरून टाकते, चाक फिरेनासे होते आणि वीस किलोंची सायकल तीस किलोंची होऊन खांद्यावर येते. रुंद टायर चिखलात उत्तम चालतो ही समजूत रेताड चिखलापुरती खरी आहे. काळ्या मातीत टायर जितका रुंद, तितकी माती उचलण्याची त्याची शक्ती अधिक.

म्हणून जून ते सप्टेंबर या काळात मुरुमाच्या किंवा खडीच्या वाटा निवडाव्यात आणि मधे काळ्या रानाचा तुकडा आला तर सायकल उचलून बाजूच्या गवतावरून न्यावी. माती चढलीच तर चाक जबरदस्तीने फिरवू नये. गिअर बदलणारा मागचा डिरेलर ओढला जाऊन त्याला धरणारा हँगर तुटतो. काडीने माती पोखरून काढावी. घरी आल्यावर माती ओली असतानाच बादलीभर पाणी आणि जुन्या ब्रशाने धुवावे, कारण वाळल्यावर ती विटेसारखी बसते आणि खरवडताना रंगही निघतो. गाड्या धुण्याच्या दुकानातील जोरदार फवारा मात्र हब, बीबी आणि हेडसेट यांच्यावर मारू देऊ नये. ते पाणी सीलच्या आत शिरते, ग्रीस धुऊन काढते आणि महिनाभरात छर्रे गंजून करकर सुरू होते. रिमच्या छिद्रांतून आत गेलेले पाणी काढण्यासाठी सायकल थोडी उचलून, चाक हलकेच फिरवून, व्हॉल्व्हचे तोंड खाली करून तासभर ठेवावी.

८. नियमित देखभाल

पहिल्या महिन्यानंतर एक सर्व्हिसिंग करणे अगत्याचे आहे. नवे आरे बसतात आणि थोडे सैल होतात, केबल ताणली जाते, क्रँकचा नट ढिला पडतो. याच वेळी चाकाचा आउट काढून घेतला तर पुढे आरे तुटण्याचा त्रास बराच कमी होतो. ढिला क्रँक तसाच चालवला तर त्याचे चौकोनी भोक घासून गोल होते आणि मग कितीही आवळला तरी तो बसत नाही.

साखळीला जुने इंजिन ऑइल लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्या तेलात धूळ मिसळली की साखळी आणि चक्रे कानशीने घासल्यासारखी झिजतात. केरोसीनमध्ये भिजवलेल्या फडक्याने साखळी पुसावी, पूर्ण वाळू द्यावी, प्रत्येक कडीच्या सांध्यावर सायकलच्या साखळीसाठी मिळणाऱ्या तेलाचा एकेक थेंब टाकावा आणि बाहेरचे तेल पुसून घ्यावे. उन्हाळ्यात कोरड्या प्रकारचे तेल आणि पावसाळ्यात ओल्या प्रकारचे तेल वापरावे. साखळी किती झिजली हे घरातल्या पोलादी पट्टीनेही मोजता येते. नव्या साखळीच्या २४ कड्यांची लांबी, एका पिनेच्या मध्यापासून मोजली तर, बरोबर १२ इंच भरते. ती एक-षोडशांश इंचाने वाढली की साखळी बदलावी. एक-अष्टमांशाने वाढेपर्यंत थांबले तर मागची चक्रेही बदलावी लागतात.

डिस्क ब्रेकच्या चकतीला तेलाचा हात किंवा फवारा लागू देऊ नये. तेल लागलेले पॅड किंचाळतात आणि धरत नाहीत. चकती स्पिरिटने पुसता येते, पॅड मात्र बहुधा बदलावेच लागतात. बाकी हब आणि बीबीमधले ग्रीस वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर बदलून घेतले की पुरते.

९. बर्फाकडे नेताना

इंदूरहून सायकल रेल्वेने नेणे सोयीचे आहे. प्रवासाचे तिकीट असेल तर ती त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये लगेज म्हणून बुक होते. तिकिटाशिवाय पार्सल म्हणून स्वतंत्र जाते आणि ती कोणत्या दिवशी पोहोचेल याचा भरवसा नसतो. गाडी सुटण्याच्या पुष्कळ आधी पार्सल कार्यालयात तिकिटाची प्रत, ओळखपत्र आणि सायकलीच्या बिलाची प्रत घेऊन जावे, फॉर्म भरावा, वजन करून पैसे भरावेत आणि पावती जपून ठेवावी, कारण उतरताना तिच्याशिवाय सायकल मिळत नाही. पेडल काढून, हँडल आडवे वळवून, डिरेलर आणि चकत्यांभोवती पुठ्ठा बांधून सायकल गोणपाटात शिवून घ्यावी आणि नाव, फोन व उतरण्याचे स्थानक दोन ठिकाणी ठळक लिहावे.

यात एक सापळा आहे. मालवा एक्सप्रेस महूहून निघून थेट कटऱ्यापर्यंत जाते, त्यामुळे काश्मीरकडे जाणाऱ्यांना सायकल शेवटच्या स्थानकावर सावकाश उतरवून घेता येते. मनालीसाठी मात्र अंबाल्याला मध्येच उतरावे लागते आणि तेथे गाडी काही मिनिटेच थांबते. अशा वेळी सायकल डब्यातच राहून पुढे जाण्याची शक्यता असते. सायकल कोणत्या ब्रेकव्हॅनमध्ये, पुढच्या की मागच्या, चढवली आहे हे स्वतः पाहून ठेवावे आणि स्थानक येण्यापूर्वी त्या बाजूच्या डब्यात जाऊन उभे राहावे.

पोहोचल्यावर पहिले काम हवा मोजण्याचे. थंडीने टायरमधला दाब कमी होतो आणि उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने गेजवरचा आकडा वाढतो. साडेपाचशे मीटर उंचीवरच्या इंदुरातून दोन हजार मीटरांवरच्या मनालीत गेले की या दोन गोष्टी परस्परांविरुद्ध काम करतात, त्यामुळे घरून मोजून आणलेल्या आकड्यावर विसंबता येत नाही. सायकल रात्रभर बाहेर थंड होऊ द्यावी आणि सकाळी बर्फाच्या कडेला उभे राहूनच दाब ठरवावा.

थंडीत दाट झालेले ग्रीस आणखी एक अडचण निर्माण करते. फ्रीव्हीलच्या किंवा फ्रीहबच्या (कॅसेट ज्यावर बसते त्या भागाच्या) आतले खिळे चिकटून बसतात, पेडल रिकामे फिरते आणि सायकल जागची हलत नाही. म्हणून निघण्यापूर्वी मेकॅनिककडून आतले जाड ग्रीस काढून पातळ तेल किंवा थंडीत न गोठणारे पातळ ग्रीस घालून घ्यावे. ब्रेक केबलच्या नळीत पाणी शिरले असेल तर ते गोठते आणि ब्रेक दाबलेलाच राहतो. नव्या कोरड्या केबल टाकून नेणे हा सोपा उपाय आहे. विजेची सायकल असेल तर बॅटरी रात्री खोलीत घ्यावी आणि ती उबदार झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, कारण शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियम बॅटरी कायमची खराब होते.

मनालीजवळच्या सोलंगसारख्या ठिकाणी सकाळी रस्त्यावर दिवसा वितळलेले पाणी रात्रीतून काचेसारखे गोठलेले असते. रुंद टायर मऊ बर्फावर धरतो; या गोठलेल्या थरावर त्याची पकड साध्या टायरइतकीच, म्हणजे जवळपास शून्य असते. त्यासाठी कार्बाइडचे खिळे बसवलेले टायर लागतात आणि ते आपल्याकडे सहज मिळत नाहीत. तेव्हा ऊन येऊन रस्ता ओला दिसू लागेपर्यंत थांबावे, उतारावर पुढचा ब्रेक जोराने दाबू नये आणि गाड्यांच्या चाकोरीतून निघून बाजूच्या दाबलेल्या बर्फावर राहावे. पर्यटकांच्या स्लेज आणि स्कीचे पट्टे असतात तेथे सायकल नेण्यापूर्वी तेथील माणसांना विचारावे. कमी हवेचा टायर बर्फ फारसा उखडत नाही, पण ते त्यांना ठाऊक असेलच असे नाही.

परतल्यावर गोणपाट सोडून सायकल त्याच दिवशी कोरडी करावी. ओल्या गोणपाटातून रेल्वेने आलेल्या साखळीला दोन दिवसांत गंज चढतो. सीटचा दांडा बाहेर काढून फ्रेममध्ये साठलेले पाणी उलटे करून सांडावे, साखळी पुसून तेल घालावे, फ्रीव्हीलमध्ये येथील उन्हाला साजेसे नेहमीचे ग्रीस पुन्हा भरून घ्यावे आणि टायरमध्ये १५ पीएसआय हवा भरूनच सायकल डांबरी रस्त्यावर काढावी.